काल्पनिक साम्राज्यातली सरदारांची यादवी: पहिल्यांदाच लिहिणाऱ्यांसाठी

माझ्या पहिल्या (आणि कधीच न छापलेल्या) कादंबरीत अकरा सरदार होते, चार पानांची वंशावळ होती आणि दुसऱ्याच प्रकरणात पन्नास हजारांची फौज एकमेकांवर तुटून पडत होती. वाचायला दिलेल्या मित्राने तिसऱ्या प्रकरणानंतर विचारलं, "हे सगळे भांडतायत कशासाठी?" मी म्हटलं, गादीसाठी. तो म्हणाला, "गादी एकालाच मिळणार ना? मग बाकीचे दहा कशाला मरतायत?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. बाड कपाटात गेलं. पुढे इतिहास वाचत गेलो तसं कळलं, की सरंजामी यादवीत गादीसाठी लढणारे एक-दोनच असतात. बाकीचे स्वतःच्या जहागिरीसाठी, शेजाऱ्याच्या जकातीसाठी, धाकट्या भावाच्या धास्तीने लढतात. तुम्ही कादंबरी लिहीत असा, मालिका लिहीत असा किंवा मित्रांसोबत खेळायचा एखादा खेळ रचत असा, पुढच्या क्रमाने गेलात तर निदान माझ्यासारखी चार पानांची वंशावळ रचायची मेहनत तरी वाचेल.

पायरी १: नकाशाआधी तिजोरी

बहुतेक जण नकाशापासून सुरुवात करतात. डोंगर, नद्या, सहा राजधान्या. मजा येते, कबूल आहे. पण आधी एक कोरा कागद घ्या आणि महसूल कोण गोळा करतं ते लिहा.

सरंजामशाही जन्माला येते ती अडचणीतून. बादशहाकडे रोख पैसा नसतो, आणि दूरच्या परगण्यातलं धान्य राजधानीपर्यंत ओढून आणणं परवडत नाही. म्हणून तो म्हणतो, "तू तिथला वसूल खा, आणि मी बोलावलं की हजार स्वार घेऊन ये." पहिल्या पिढीला ही नेमणूक वाटते. तिसऱ्या पिढीला तो बापजाद्यांचा हक्क वाटतो. नेमणुकीचं वतन कधी झालं, हे नेमकं कोणाला सांगता येत नाही.

आपल्याकडचंच बघा. शिवाजी महाराजांचा कल रोख पगाराकडे होता, वतनं वाटायला त्यांचा हात आखडता असे. १६८९ मध्ये राजाराम महाराज दक्षिणेत जिंजीच्या किल्ल्यात गेले आणि चित्र पालटलं. मोगल वतनाचं आमिष दाखवून माणसं फोडत होते, तेव्हा माणसं टिकवायला इकडूनही सनदा द्याव्या लागल्या. त्या धामधुमीतून गेलेल्या रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात वतनदारांना राज्याचे दायाद म्हटलं आहे. दायाद म्हणजे वाटा मागणारा भाऊबंद. तुमच्या साम्राज्यातला प्रत्येक सरदार हा असा दायाद आहे, हे धरून चाला.

या पायरीवर एकच कसोटी लावा: बादशहा एका फर्मानाने सरदाराला जहागिरीवरून काढू शकतो का? काढू शकत असेल तर तुमच्याकडे यादवी होणार नाही, फार तर बंड होईल आणि ते महिन्याभरात मोडेल. फर्मान निघेल पण ते घेऊन जाणाऱ्याला कोणी वेशीच्या आत घेणार नाही, अशी परिस्थिती असेल तर पुढे जा.

पायरी २: दोन दावे, दोन्ही खरे

नवखा लेखक एकाला खरा वारस करतो, दुसऱ्याला कपटी काका. मग वाचक पहिल्या पानावरच बाजू निवडून मोकळा होतो, आणि काकाकडे गेलेले सगळे सरदार आपोआप मूर्ख नाहीतर नीच ठरतात.

इंग्लंडमध्ये राजा पहिल्या हेन्रीचा एकुलता औरस मुलगा ११२० मध्ये जहाज बुडून गेला. हेन्रीने मुलगी मटिल्डा हिच्या नावाने सरदारांकडून शपथा घेतल्या. १ डिसेंबर ११३५ रोजी हेन्री वारला, तेव्हा मटिल्डा समुद्रापलीकडे होती. भाचा स्टीफन मात्र तडक लंडनला आला, तिथून खजिना असलेल्या विंचेस्टरला गेला आणि महिना संपायच्या आत त्याच्या डोक्यावर मुकुट होता. तिच्याकडे शपथा, याच्याकडे खजिना. पुढची अठरा वर्षं याच तिढ्यात गेली.

जपानमध्ये शोगुन, म्हणजे प्रत्यक्ष सत्ता चालवणारा सरसेनापती, योशिमासाला मुलगा नव्हता, म्हणून त्याने मठात गेलेल्या भावाला परत आणून वारस केलं. पुढच्याच वर्षी, १४६५ मध्ये, मुलगा झाला. भावाला दिलेला शब्द खरा, मुलाचं रक्तही खरं. १४६७ मध्ये ओनिन युद्ध पेटलं.

आणि १७०७. औरंगजेब गेला, मोगलांनी शाहूंना सोडलं. ते थोरल्या पातीचे. पण त्यांच्या कैदेच्या काळात राज्य लढवलं होतं ताराबाईंनी, आणि त्यांचा मुलगा गादीवर होता. आलेला माणूस खरा शाहू नाहीच, असाही बोभाटा झाला. खेडच्या लढाईच्या वेळी धनाजी जाधव शाहूंकडे गेले आणि पारडं फिरलं.

तर, प्रत्येक दावेदाराला एक भक्कम गोष्ट द्या आणि एक गोष्ट काढून घ्या. रक्त आहे पण वय चार. पराक्रम आहे पण जन्म दासीपोटी. इच्छापत्र आहे पण शिक्का नाही. मग पाच मित्रांना विचारा, कोणाची बाजू घ्याल? पाचही एकीकडे गेले तर तुमचा वाद कच्चा आहे.

तोतया आणायचा मोह होईल. आणा, पण एकदाच. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंच्या नावाने उभ्या राहिलेल्या तोतयाच्या मागेही माणसं जमली होती, किल्ले हाती आले होते. १७७६ मध्ये त्याला मारण्यात आलं. त्याच्यामागे गेलेले सगळे फसले होते असं समजू नका. काहींना तो खोटा असला तरी चालणार होता, आणि लिहायला तेच जास्त रंगतदार आहे.

पायरी ३: प्रत्येक सरदाराची वही

इथे सगळ्यात जास्त वेळ घालवा. मी पंधरा दिवस देतो.

आधी सरदार कमी करा. पाच पुरेत, सात म्हणजे डोक्यावरून पाणी. त्यांना भारदस्त नावं देण्याआधी टोपणनावं द्या: मीठवाला, घाटवाला, नदीवाला. टोपणनावात त्याची मिळकत आली की तो काय करेल हे अर्धं ठरतं. मग प्रत्येकासाठी एक पान करा. मिळकत कशावर, स्वार किती, देणं कोणाचं, मुलगी कुठे दिली, घरातला शत्रू कोण, आणि कोणता अपमान गिळलेला आहे.

माझ्या मीठवाल्याचं पान उघडतो. समुद्रकाठी मिठागरं, बाराशे स्वार. मीठ वर देशावर जातं ते एकाच घाटातून, आणि तिथे घाटवाला जकात घेतो. ती गेल्या दहा वर्षांत दुप्पट झाली आहे. थोरली मुलगी राजधानीत, राणीच्या महालात "शिकायला" ठेवलेली, म्हणजे ओलीस. धाकटा भाऊ जहागिरीचा अर्धा वाटा मागतोय. सावकाराचं देणं दोन वर्षांच्या मिठाएवढं.

आता बादशहा मरतो. एकीकडे चार वर्षांचा मुलगा, दुसरीकडे बादशहाचा भाऊ, म्हणजे मुलाचा काका. काका निरोप पाठवतो: मला साथ दे, घाटाची जकात माफ. मीठवाल्याचं मन तिकडेच धावतं. पण मुलगी मुलाच्या बाजूच्या ताब्यात आहे. आणि दुसऱ्याच दिवशी खबर येते की त्याचा स्वतःचा धाकटा भाऊ आधीच काकाच्या छावणीत पोचलाय. म्हणजे काका जिंकला तर जकात माफ होईल, पण ती सवलत उपभोगेल धाकटा.

मग मीठवाला काय करतो? तो मुलाच्या नावाने शपथ घेतो, बाराशेपैकी तीनशे स्वार एका बिनकामाच्या मेहुण्याबरोबर पाठवतो, स्वतः अंथरुण धरतो, आणि राजवैद्याचं पत्र जोडतो. उरलेले नऊशे रात्रीच्या रात्री घाटाच्या पायथ्याशी नेऊन ठेवतो. घाटवाला कोणत्याही बाजूला जावो, तो घर सोडून लढाईला निघाला की घाट आपला.

हे पान लिहिताना मी कथानक रचत नव्हतो, फक्त हिशोब मांडत होतो. तरी तीन प्रकरणं आपसूक मिळाली. गादीचा वाद ही पांघरायची चादर आहे, तिच्याखाली प्रत्येकाचं आपलं जुनं भांडण चालू असतं.

हिशोबी सरदार एकमेकांशी गुपचूप काय ठरवतात, याचा एक अस्सल नमुना स्टीफनच्या काळातला आहे. चेस्टर आणि लेस्टरच्या अर्लांनी, म्हणजे तिथल्या बड्या सरदारांनी, आपसात लेखी करार केला. धन्याने एकमेकांवर चालून जायला भाग पाडलंच, तर कोणीही वीसपेक्षा जास्त नाइट (चिलखती घोडेस्वार) आणायचे नाहीत, आणि त्या लढाईत जे हाती लागेल ते परत करायचं! असा एखादा कागद तुमच्या दोन सरदारांत असू द्या, आणि तो चुकीच्या माणसाच्या हाती पडू द्या.

सगळेच हिशोबी करू नका मात्र. एकाला सूडाने पेटलेला ठेवा, कारण सूडाला वही नसते. १८०१ मध्ये पुण्यात विठोजी होळकरांना हत्तीच्या पायी दिलं. पुढच्या वर्षी भाऊ यशवंतराव फौज घेऊन आले आणि २५ ऑक्टोबर १८०२ ला हडपसरजवळ शिंदे-पेशव्यांची फौज मोडली. तो निर्णय घेणाऱ्यांनी त्या दिवशी वर्षभरापुढचं काही पाहिलं नसावं. तुमच्या बादशहालाही असा एक उतावळा हुकूम द्यायला लावा.

पायरी ४: कुंपणावरचा माणूस

एक तरी सरदार शेवटपर्यंत कुंपणावर बसवा. वाचकाचा जीव त्याच्यात अडकतो.

२२ ऑगस्ट १४८५, इंग्लंडमधली बॉसवर्थची लढाई. लॉर्ड स्टॅन्लीचा मुलगा राजा तिसऱ्या रिचर्डच्या छावणीत ओलीस होता, आणि स्टॅन्लीची बायको ही दावेदार हेन्री ट्युडरची आई होती. यापेक्षा वाईट कात्रीत सापडणारा माणूस कल्पनेतून काढणं अवघड आहे. स्टॅन्ली मंडळी फौजा घेऊन बाजूला उभी राहिली, आणि ऐन वेळी भाऊ विल्यमचे लोक हेन्रीच्या मदतीला धावले. रिचर्ड पडला. दहा वर्षांनी, १४९५ मध्ये, त्याच हेन्रीने विल्यमचं डोकं उडवलं.

जपानमध्ये सेकिगाहाराच्या लढाईत १६०० साली कोबायाकावा हिदेआकी टेकडीवर फौज घेऊन थांबला होता, तो मग उतरला ते स्वतःच्याच बाजूवर. मोठी जहागीर मिळाली. दोन वर्षांत तो वारला, मागे वारस नव्हता, जहागीर गेली.

दोन्हींकडे बघून एक गोष्ट टिपून ठेवा: फितुराला बक्षीस मिळतं, विश्वास मिळत नाही. फितुरीचा प्रसंग लिहून थांबू नका, नंतरच्या दरबारात त्याच्या शेजारी कोणी बसत नाही तेही दाखवा.

पायरी ५: दाणागोटा

आता रुक्ष भाग, पण इथेच नवखा लेखक उघडा पडतो. एक हिशोब करू. सहा हजार पायदळ, चार हजार स्वार. त्यांच्यामागे बाजारबुणगे: मोतद्दार, लोहार, स्वयंपाकी, व्यापारी, कुटुंबकबिला. कमीत कमी दहा हजार धरा. वीस हजार तोंडांना दिवसाला पाऊण किलो धान्य म्हणजे पंधरा टन. चार हजार घोड्यांना चार-चार किलो दाणा म्हणजे सोळा टन, वैरण वेगळी. एकतीस टन झाले. बैलगाडीत अर्धा टन मावतो असं धरलं तर रोजच्या बासष्ट गाड्या, दहा दिवसांच्या सहाशे वीस. त्या गाड्यांचे बैलही खातात.

म्हणजे ही फौज एका जागी बसूच शकत नाही. आसपासचा मुलूख खाऊन झाला की उठावंच लागतं. "आम्ही सहा महिने वेढा देऊन बसलो" हे वाक्य लिहिण्याआधी ते काय खात होते ते ठरवा. पानिपतावर १४ जानेवारी १७६१ ला मराठे बाहेर पडले ते रसद तुटून उपासमार असह्य झाली म्हणून.

शिवाय मुदत असते. पश्चिम युरोपात सरदाराने धन्याला साधारण चाळीस दिवस फुकट सेवा द्यायची, असा प्रघात बऱ्याच ठिकाणी होता. एकेचाळिसाव्या दिवशी तो घरी जाऊ शकतो. शत्रूला हे ठाऊक असेल तर तो एकोणचाळीस दिवस लढाई टाळेल. कापणी जवळ आली की पायदळही गळायला लागतं. तुमच्या साम्राज्याची अशी एक मुदत ठरवा आणि युद्धाचं वेळापत्रक तिच्याभोवती बांधा.

पायरी ६: बातमीचा वेग

एक वही घ्या, दोन रकाने आखा: "घडलं कधी" आणि "कळलं कधी". एकटा घोडेस्वार चांगल्या रस्त्यावर दिवसाला साठ किलोमीटर धरा. साम्राज्याचं दुसरं टोक बाराशे किलोमीटरवर असेल तर बातमीला वीस दिवस. टप्प्याटप्प्यावर ताजे घोडे असतील तर आठ-दहा. फौजेला मात्र दिवसाला पंधरा-वीस किलोमीटर, म्हणजे दोन-अडीच महिने.

या फटीत गोष्टी घडतात. सीमेवरचा सरदार मेलेल्या बादशहाशी निष्ठेची शपथ घेतो. तह झाल्यावर आठवड्याने एक गाव जळतं. आणि खोटी बातमी खरीपेक्षा आधी पोचते, कारण ती पाठवणाऱ्याने घोडे आधीच तयार ठेवलेले असतात.

पायरी ७: लढाया कमी, पण जवळून

अख्ख्या पुस्तकात तीन लढाया पुरतात. डावी फळी, उजवी फळी, राखीव तुकडी हे सांगत बसू नका. एकच गोष्ट बिघडवा. इंग्लंडच्या यादवीत २९ मार्च १४६१ ला टाउटनला बर्फ एका बाजूच्या तोंडावर येत होतं, त्यांचे बाण अलीकडेच पडत होते. १४ एप्रिल १४७१ ला बार्नेटला दाट धुकं होतं. ऑक्सफर्डच्या अर्लच्या लोकांचं निशाण किरणांचा तारा, शत्रूराजाचं निशाण सूर्य. धुक्यात तारा सूर्यासारखा दिसला, त्यांच्याच मित्रांनी त्यांच्यावर बाण सोडले, आणि "फितुरी, फितुरी" अशी हाकाटी उठली असं सांगतात. हे यादवीतच होऊ शकतं. परक्या शत्रूशी लढताना शेजारचा फिरला असेल अशी शंका इतक्या सहज येत नाही.

पायरी ८: खालचं गाव

एक गाव निवडा, दोन फौजांच्या वाटेवरचं. शेतसारा दोघेही मागतात. पहिल्याला भरल्याची पावती दुसऱ्याच्या हातात पडली की तो फितुरीचा पुरावा. गावचा पाटील ती पावती कुठे लपवतो? एवढ्या एका प्रसंगात तुमचं युद्ध वाचकाच्या घरात येतं. सगळ्या गावांचं दुःख सांगू नका, एकाच घराचं सांगा.

पायरी ९: तह

पुढारी मेले म्हणून युद्ध संपत नाही. ओनिनमधले दोन्ही मुख्य सरदार, होसोकावा कात्सुमोतो आणि यामाना सोझेन, १४७३ मध्ये काही आठवड्यांच्या अंतराने वारले. लढाई १४७७ पर्यंत चालली. तोवर क्योटोची राख झाली होती आणि सरदारांना घरी परतल्यावर कळलं की मागे ठेवलेल्या कारभाऱ्यांनीच जहागिरी बळकावल्या आहेत. माझ्या मीठवाल्याचा शेवट मी इथूनच उचललाय.

संपवायचे मार्ग मोजके. दोघे थकतात आणि वाटून घेतात: ११५३ च्या तहात स्टीफनने मरेपर्यंत राजा राहायचं, पुढे मटिल्डाच्या मुलाने बसायचं, असं ठरलं. त्याआधी स्टीफनचा थोरला मुलगा वारला होता, म्हणून हे जमलं. युद्धात परवानगीशिवाय बांधलेले किल्ले पाडायचंही त्यात होतं, आणि नव्या राजाची पहिली डोकेदुखी तीच ठरली. दुसरा मार्ग, बाहेरचा येतो. हडपसरच्या पराभवानंतर दुसरा बाजीराव वसईला गेला आणि ३१ डिसेंबर १८०२ ला इंग्रजांची फौज पदरी घेण्याचा तह करून बसला. भांडण सरदारांचं होतं, लोणी तिसऱ्याने खाल्लं. हा शेवट हवा असेल तर शेजारच्या राज्याचा वकील पहिल्याच प्रकरणात दरबारात एका कोपऱ्यात बसवून ठेवा. आयत्या वेळी आणलात तर वाचक सोडणार नाही.

तिसरा मार्ग, एकजण पुरता जिंकतो आणि जहागिरी नव्याने वाटतो. इथे घाई करू नका. वाटणीचा दरबार हे स्वतंत्र प्रकरण आहे: कोणाला वाढवून मिळालं, कोणाला डोंगराआड हलवलं, कोणाची कापली पण पूर्ण काढून घ्यायची हिंमत झाली नाही. सेकिगाहारा जिंकल्यावर तोकुगावा इयेयासूने मोरी घराण्याची जहागीर जवळपास एक तृतीयांशावर आणली, आणि सात्सुमाच्या शिमाझूंना तर होती तशीच ठेवावी लागली. १८६८ मध्ये तोकुगावांची सत्ता उलथवली गेली, तेव्हा आघाडीवर मोरींचं चोशू आणि शिमाझूंचं सात्सुमा होतं.